दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला का?



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गारांच्या पावसात, नाही तर गोळेवाल्याच्या गाडीवर. आणि मी तर तुम्हांला बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाविषयी, म्हणजे स्कीइंगविषयी, आणि त्या खेळात दुखावणाऱ्या गुडघ्याविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आमचा याच्याशी काय संबंध?” संबंध आहे. बर्फावर गुडघ्यातला जो दोर तुटतो, तोच दोर आपल्या कबड्डीच्या मैदानावर तुटतो. तो तुटल्यावर करायची तपश्चर्याही दोन्हीकडे एकच आहे.

हा विषय माझ्या दारी आला तो एका विद्यार्थ्यामुळे. मी गावच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवत असे. हा मुलगा चढाईत पटाईत. पुढे फौजेत भरती झाला आणि एका हिवाळ्यात त्याला काश्मीरकडे स्की शिकायला धाडले. तिथे तिसऱ्याच आठवड्यात तो पडला आणि गुडघा धरून बसला. शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनी सुट्टीवर घरी आला, तेव्हा काठीशिवाय चालत होता. पारावरची मंडळी म्हणाली, “अरे, चांगला तर चालतोयस! आता काय झालंय तुला?” तो म्हणाला, “बरं वाटतंय काका, पण डॉक्टर म्हणतात, अजून बरा झालेला नाहीस.”

बरे वाटणे आणि बरे होणे, या दोन गोष्टींमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असते. तेवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. दोन पायांना दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या. त्यांची टोके पुढून वर वळलेली असतात. पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट, हातांत दोन काठ्या, आणि समोर बर्फाचा उतार. पट्ट्यांच्या कडा बर्फात रुतवून वळायचे आणि थांबायचे. आपल्या देशात काश्मीरमधले गुलमर्ग यासाठी प्रसिद्ध आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. १९४८ साली तिथे लष्कराने स्कीची शाळा काढली. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात औली आहे. २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या स्पर्धा तिथे झाल्या. म्हणजे बर्फ आपल्या अंगणात नसला तरी आपल्या देशात आहे, आणि आपल्या गावांतली फौजेत गेलेली मुले त्या बर्फात उभी असतात.

आता गुडघ्याकडे वळू. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असे आपण समजतो. पण बिजागरीला मधोमध खिळा असतो, गुडघ्यात तसा खिळा नाही. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, समोर वाटी, आणि मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या. मग ही हाडे एकमेकांवरून घसरत का नाहीत? तंबू जसा तणाव्यांवर उभा असतो, तसा गुडघा चार दोरांवर उभा आहे. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात, आपण अस्थिबंध म्हणू. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला, आणि दोन सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे. या फुलीतला जो पुढचा दोर आहे, तो जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. काम मात्र मोठे. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तितका पीळ बसू न देणे, हे त्याचे काम. सरळ चालताना त्याची फारशी आठवण होत नाही. पळता पळता एकाएकी वळलो, उडी मारून एका पायावर उतरलो, की सगळी भिस्त त्याच्यावर.

स्कीवर हा दोर तुटतो कसा, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. पूर्वी बूट पट्टीला पक्का जखडलेला असे. माणूस पडला की लांब पट्टी बर्फात अडकायची आणि पाय तरफेसारखा पिळवटून मोडायचा. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत राहणारा ह्याल्मार ह्वाम हा नामांकित स्कीपटू होता. १९३७ साली त्याचा पाय असाच मोडला. तेव्हा त्याने डोके चालवले आणि जोरात पीळ बसला की आपोआप सुटणारी कडी तयार केली. पुढे अशा कड्या सुधारत गेल्या, बूटही उंच आणि कडक झाले. नडगी मोडण्याचे आणि घोटा दुखावण्याचे प्रकार पुष्कळच कमी झाले. पण गंमत पाहा, बुटाने घोटा सांभाळला आणि जोर वर सरकून गुडघ्यावर आला. ती कडी मुळात हाड वाचवण्यासाठी केलेली, आतला दोर वाचवण्यासाठी नव्हे. गुडघ्याच्या दुखापती उलट वाढल्या.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या संशोधकांनी पडण्याच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. त्यांना दिसले ते असे. स्कीवाला तोल जाऊन मागे बसतो. ढुंगण गुडघ्यांच्या खाली जाते. एक हात मागे टेकायला जातो. सगळा भार उताराकडच्या पट्टीच्या मागच्या टोकावर येतो, ते टोक बर्फात रुतते आणि गुडघा आत पिळवटतो. जणू मागे तोंड केलेला एक जादा पाय माणसाला फुटतो! संशोधकांनी त्याला ‘भासमान पाय’ असेच नाव दिले. आपल्या गोष्टींतल्या हडळीचे पाय उलटे असतात ना, तसाच हा प्रकार. मग त्यांनी बर्फावरच्या प्रशिक्षकांना आणि गस्तवाल्यांना चित्रफिती दाखवून शिकवले, की तोल गेला तर हात पुढे ठेवा, पाय जवळ आणा, मागे हात टेकू नका, आणि घसरणे थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. १९९५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या मंडळींत गुडघ्याच्या गंभीर दुखापती आधीच्या दोन हंगामांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्या. शिक्षक बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. उभे कसे राहावे हे आपण मुलांना शिकवतो. कसे पडावे हेही शिकवावे लागते.

हा दोर तुटला हे ओळखायचे कसे? पुष्कळांना आतून ‘कट्’ असा आवाज जाणवतो. पुढच्या काही तासांत गुडघा सुजून नारळासारखा होतो, कारण आत रक्त साठते. आणि सूज उतरल्यावरही वळताना वाटते की गुडघा दगा देतोय, पाय निसटतोय. ही खूण महत्त्वाची. अशा वेळी काय करावे? खेळ तिथेच थांबवावा. पायावर भार देऊ नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. बर्फ नसेल तर गार पाण्याच्या घड्या चालतील. साधी पट्टी बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. आणि काय करू नये? गरम तेलाने रगडू नये, शेक देऊ नये, आणि कुणाला पाय ओढून ‘बसवायला’ सांगू नये. निखळलेले हाड बसवता येते, असे म्हणू. पण तुटलेला दोर ओढून कसा सांधेल? डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी हलकेच पुढे ओढून पाहतात; ती नको तेवढी पुढे आली तर दोर गेला असे समजतात. एमआरआयच्या चित्राने खात्री होते. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोर दिसत नाही. म्हणून “फोटोत काही नाही आलं” एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

उपचार कोणता, हे कोणता दोर गेला यावर ठरते. आतल्या बाजूचा अस्थिबंध एकटाच दुखावला असेल, तर तो बहुधा पट्टा आणि व्यायाम यांनी सांधतो. फुलीतला पुढचा दोर सांध्याच्या पाण्यात असतो. तिथे रक्ताची खपली नीट धरत नाही, म्हणून पूर्ण तुटल्यावर तो सहसा आपणहून पूर्ववत होत नाही. तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. दमदार मांड्या कमावून, वळणाचे खेळ सोडून पुष्कळ माणसे शेती-संसार नीट करतात. पण ज्याला पुन्हा बर्फावर किंवा मैदानात उतरायचे आहे, त्याला बहुतेक वेळा नवा दोर बसवतात. हा नवा दोर येतो कुठून? त्याच माणसाच्या अंगातून. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने हाडांत भोके पाडून ती ओवतात.

इथेच खरी मेख आहे, श्रोतेहो. ही कंडरा आत बसवली म्हणजे दोर झाला असे नाही. तिचा आधीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालते, जुने धागे मोडते, नवे विणते. एखादे कलम लावतो ना आपण, तसेच. कलम हिरवे दिसू लागले तरी सांधा कच्चा असतो, त्याला आंब्याचा भार सोसत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास हा नवा दोर सर्वांत अशक्त असतो. आणि नेमके त्याच सुमारास काय होते? सूज उतरते, दुखणे थांबते, माणूस ताठ चालू लागतो. त्याला वाटते, झाले! डोळ्यांना दिसते त्याच्या अगदी उलट आत चाललेले असते. माझा तो फौजी विद्यार्थी पारावर उभा होता, तो याच काळात. पूर्ण पक्व व्हायला दोराला वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते.

मग इतके महिने करायचे काय? नुसते पडून राहायचे नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी साधायच्या: सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा स्नायू जागा करणे. पाय पसरून बसावे, गुडघ्याची मागची बाजू अंथरुणावर दाबावी, मांडी आवळावी, पाच मोजावेत, सोडावी. दिसायला क्षुल्लक, पण मांडी वाळू लागते ती आठवड्याभरात, आणि भरून यायला महिने लागतात. पुढे कुबड्या सोडून सरळ चालणे, मग जागेवरची सायकल. दीड महिन्यानंतर खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे. तीन-चार महिन्यांनी, मांडीत बळ आले असेल तर, सरळ रेषेत धावणे. पाच-सहा महिन्यांनी उड्या, मग वळणे. हा सर्वसाधारण क्रम झाला. प्रत्येकाचा वेग त्याच्या डॉक्टरने आणि व्यायाम-उपचार करणाऱ्याने ठरवायचा.

आपल्याकडची एक अडचण परदेशी पुस्तकांत नसते. आपण जेवायला मांडी घालून बसतो, परसाकडे उकिडवे बसतो. सुरुवातीच्या काळात गुडघा इतका मुडपणे दोराला आणि चकत्यांना जाचते. तेव्हा घरात काही महिने खुर्चीची सोय करावी, आसन मध्ये कापलेली खुर्ची शौचासाठी ठेवावी. यात लाजण्यासारखे काही नाही. खाली केव्हा बसायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता महत्त्वाचा प्रश्न. पुन्हा बर्फावर केव्हा? याचे उत्तर पंचांगात नाही, कसोटीत आहे. दुखऱ्या पायाच्या मांडीचे बळ चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवे. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, तिरक्या उड्या, यांतही तेवढीच बरोबरी हवी. २०१६ साली ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. उड्या-वळणांच्या खेळात परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके पुढे ढकलले, तितके प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. कसोट्या न उतरता परतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के पुन्हा जायबंदी झाले; कसोट्या पार करून गेलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी होते. शंभरात अडतीस आणि शंभरात सहा, हा फरक शस्त्रक्रियेचा नाही. हा फरक धीराचा आणि मेहनतीचा आहे.

जगातले मोठे स्कीपटूही या नियमातून सुटलेले नाहीत. अमेरिकेची लिंडसे व्हॉन फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियात जागतिक स्पर्धेत पडली. उजव्या गुडघ्यातले दोन अस्थिबंध तुटले, नडगीचे हाडही मोडले. पुढच्या फेब्रुवारीत ऑलिंपिक होते. नोव्हेंबरात सराव करताना ती पुन्हा पडली, नवा दोर पुन्हा दुखावला आणि ते ऑलिंपिक हुकले. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. या वेळी ती डिसेंबर २०१४ मध्ये स्पर्धेत उतरली, आणि जानेवारी २०१५ मध्ये विश्वचषक मालिकेतली ६३वी शर्यत जिंकून तिने स्त्रियांमधला तोपर्यंतचा विक्रम मोडला. नॉर्वेच्या आक्सेल लुंड स्विंडालचा गुडघा जानेवारी २०१६ मध्ये कित्झब्यूलच्या उतारावर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो परतला, पण जानेवारी २०१७ मध्ये गुडघ्यासाठी त्याला हंगाम अर्धवट सोडावा लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, त्याने ऑलिंपिकमधली सर्वांत वेगवान उताराची शर्यत जिंकली. दोघांनाही एकदा मागे फिरावे लागले. मागे फिरणे म्हणजे हार नव्हे, एवढे यातून घ्यावे.

आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी डोंगरमाथा गाठायचा नसतो. आधी सौम्य, सपाटसा उतार. थोडा वेळ. मऊ, नीट दाबलेला बर्फ. दमल्यावर मांड्या ढिल्या पडतात आणि भार मागे जातो, म्हणून अंगात दम असतानाच थांबावे. “आता एक शेवटची फेरी” हा मोह टाळावा. कडी किती जोराला सुटावी, हे वजन, उंची, वय, कसब आणि बुटाची लांबी पाहून जाणकाराकडून लावून घ्यावे. आणि मनातली भीती लपवू नये. गुडघा तयार असून मन तयार नसेल, तर माणूस अंग चोरतो आणि चुकीचा पडतो.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा एक मुलगा कबड्डी खेळताना असाच पडला होता. दीड महिन्यात तो म्हणाला, “सर, आता दुखत नाही.” तालुक्याचा सामना आठ दिवसांवर होता. मी त्याला उतरवले. दुसऱ्याच चढाईत गुडघा पुन्हा निसटला, आणि या खेपेस आतली चकतीही फाटली. पुढे तो कधी खेळला नाही. आजही तो शेताच्या बांधावरून उतरताना हात धरतो. त्या दिवशी सामना आम्ही जिंकला होता. किती गुणांनी, ते मला आता आठवत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. मुलाने “दुखत नाही” म्हटले, तर त्याला एका पायावर उडी मारायला सांगण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी मागा. खेळाआधी पंधरा मिनिटे सर्वांकडून उड्या मारून गुडघे वाकवून हलकेच उतरण्याचा, एका पायावर तोल धरण्याचा सराव घ्या. उतरताना गुडघा आत झुकू नये, पावलाच्या रेषेत राहावा. मुलींच्या बाबतीत अधिक दक्ष राहा. त्यांच्यात ही दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आणि आईबापांना विनंती अशी, की घरी बसलेल्या मुलाला “नाटकं करतोस” म्हणू नका.

माझा तो फौजी विद्यार्थी पुढच्या हिवाळ्यात, अकरा महिन्यांनी, पुन्हा बर्फावर उभा राहिला. त्याने पत्र लिहिले होते: “गुरुजी, पहिल्या दिवशी लहान पोरांच्या उतारावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत आलो. सगळे हसले. पण गुडघा सुजला नाही.”

श्रोतेहो, ते हसणे ज्याला सोसता आले, त्याचा गुडघा वाचला.